एकोणीस वर्षांचा विसावा

इंग्लंड व फ्रान्स ह्यांच्यामधील शतवार्षिक युद्ध मी नांदेडास बी. ए. च्या वर्गांना गेली पंचवीस वर्षे शिकवीत आलो आहे. धडा संपला की वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारतो, "सर, हे युद्ध झालेच नसते, तर फ्रान्सचे काय झाले असते?" जर-तर हा इतिहासाचा प्रांत नव्हे, असे ठराविक उत्तर देऊन अध्यापकाने वेळ मारून न्यावी, अशी आमच्या धंद्यातील जुनी चाल आहे, आणि मीही ती बरीच वर्षे पाळली. परंतु मागल्या वर्षी एका मुलाने पुढचा प्रश्न विचारला, "मग आपल्याकडे असे कधी झाले का?" ह्या प्रश्नाला जुनी चाल पुरेना. कारण आपल्याकडे असे खरोखरच एकदा झाले होते, आणि त्याची एक खूण आमच्याच जिल्ह्यात, कंधारास आहे. त्या मुलाला वर्गात जे उत्तर घाईने दिले, ते येथे जरा सावकाश मांडतो.

प्रथम एका योगायोगाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. १३४६ साली क्रेसीच्या रणांगणावर फ्रान्सच्या राजाचा दारुण पराभव झाला आणि पुढील वर्षी, ऑगस्ट १३४७ च्या पहिल्या आठवड्यात, सुमारे वर्षभराच्या वेढ्यानंतर कॅले बंदर तिसऱ्या एडवर्डच्या स्वाधीन झाले. त्याच आठवड्यात, ३ ऑगस्ट १३४७ रोजी, दौलताबादेस अल्लाउद्दीन हसन बहमनशहा ह्यास राज्याभिषेक झाला. तिकडे युद्ध नुकतेच पेटले होते. इकडे एक राज्य नुकतेच जन्मास आले होते. ह्या राज्याच्याही नशिबी शेजाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर लिहिलेले होते. विजयनगराची स्थापना १३३६ ची. बहमनी राज्य आणि त्यातून फुटलेल्या शाह्या ह्यांचे विजयनगराशी युद्ध, मधले खंड धरून, १५६५ च्या राक्षसतागडीपर्यंत चालले. युरोपातील युद्धास शतवार्षिक म्हणावयाचे, तर ह्यास द्विशतवार्षिक म्हणावयास काय हरकत आहे?

युद्धाचे मूळ कृष्णा व तुंगभद्रा ह्यांच्यामधील दुआबात होते. रायचूर व मुद्‌गल ही तेथील नाक्यावरची ठाणी. ह्या भांडणास पुष्कळ लेखक निव्वळ धर्मयुद्धाचे रूप देतात. तसे असते तर ते ह्या दोन राज्यांबरोबर जन्मास आले असते. वस्तुतः ह्याच पट्ट्यासाठी चालुक्य आणि चोळ लढले, पुढे यादव आणि होयसळ लढले. राजवंश बदलले, देवळांशेजारी मशिदी उभ्या राहिल्या, परंतु वादाची जमीन तीच राहिली. धर्माने त्या वैरास धार चढविली, हे मात्र नाकारता येणार नाही. दुसरा बहमनी सुलतान मुहम्मदशहा आणि बुक्कराय ह्यांच्यामधील युद्धात मुद्‌गलच्या शिबंदीची कत्तल झाली व तिचा सूड म्हणून दुआबातील गावेच्या गावे कापली गेली. फिरिश्त्याने दिलेले मृतांचे आकडे फुगविलेले आहेत ह्यात शंका नाही. पण त्या कत्तलीने उभय पक्ष इतके हादरले की, ह्यापुढे निःशस्त्र प्रजेस मारावयाचे नाही, असा करार त्यांनी केला. तो पुढे नेहमीच पाळला गेला असे नाही.

ह्याच युद्धात घडलेली आणखी एक गोष्ट माझ्या विवेचनास महत्त्वाची आहे. सुलतान दक्षिणेत गुंतला असता उत्तरेस दौलताबादेत बहरामखान माझंदरानीने बंड केले. राज्याचे चार भाग होते: गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि बीदर. प्रत्येकावर एक तरफदार. वसूल त्याचा, फौज त्याची, किल्ले त्याचे. युद्धास निघावयाचे तर सुलतानास ह्या तरफदारांची फौज लागे. आणि सुलतान युद्धास गेला की मागे राहिलेला तरफदार धनी होई. दीर्घ युद्धाने बहमनी राज्याचे काय झाले हे समजून घ्यावयाचे तर ही गाठ ध्यानात ठेवली पाहिजे.

आता एकोणीस वर्षांच्या त्या विसाव्याकडे वळू.

१३७८ साली गुलबर्ग्याच्या दरबारात रक्ताचे पाट वाहिले. मुजाहिदशहाचा खून त्याचा चुलता दाऊद ह्याने करविला आणि थोड्याच दिवसांत दाऊदही मारला गेला. त्यामागे मुजाहिदची बहीण रूहपर्वर हिचा हात होता. तिने दाऊदच्या मुलाला बाजूस सारून ज्यास गादीवर बसविले, तो दुसरा मुहम्मदशहा. फिरिश्ता ह्यास महमूद म्हणतो, पण नाण्यांवर नाव मुहम्मद असे आहे, आणि साक्ष नाण्याची खरी मानली पाहिजे. हा सुलतान १३९७ पर्यंत राज्यावर होता. ह्या सबंध काळात दुआबाच्या मुलखात मोठी मोहीम झाली नाही, आणि राज्यात बंड म्हणावे असे एकच झाले, तेही सागर येथे. पूर्ण शांतता होती असे मात्र कोणी समजू नये. १३८० च्या सुमारास विजयनगरने गोवा घेतला, आणि बंदर हातचे जाणे ही कोणत्याही राज्याला लहान गोष्ट नव्हे. तरी सुलतानाने तेवढ्यासाठी सर्व राज्य युद्धात लोटले नाही.

ह्या एकोणीस वर्षांत त्याने केले काय? साध्या पांढऱ्या वस्त्रात राहणारा, विद्येची आवड असलेला हा पुरुष. लोक त्यास अरिस्टॉटल म्हणत. त्याचा वजीर फझलुल्ला इंजू हा मूळचा शिराझचा. त्याच्यामार्फत कवी हाफिजला दख्खनेत येण्याचे आमंत्रण गेले, सोबत वाटखर्चही गेला. हाफिजने त्यातील पुष्कळसा पैसा आप्तांत वाटला व देणेकऱ्यांना दिला; उरला तो वाटेत लुटल्या गेलेल्या एका स्नेह्याच्या हाती ठेवला. व्यापाऱ्यांच्या मदतीने तो कसाबसा हुर्मुझ बंदरास पोचून जहाजावर चढला, आणि वादळ उठताच काही तरी निमित्त सांगून उतरला तो पुन्हा चढला नाही. एक गझल मात्र त्याने दख्खनेस धाडून दिली. सुलतान रागावला नाही. उलट त्याने शिराझला आणखी नजराणा पाठविला. ही गोष्ट सर्वच पाठ्यपुस्तकांत असते, कारण ती गोड आहे. मला तीहून दुसऱ्या एका गोष्टीचे मोल अधिक वाटते.

ह्याच कारकीर्दीत दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. तेव्हा दरबारचे सामान वाहणारे सरकारी बैल सुलतानाने माळवा व गुजरात ह्यांच्या वाटेस लावले. तेथे पीकपाणी ठीक होते. तेथून धान्य आणून ते स्वस्त दराने विकण्यात आले. आणि ज्यांचे आईबाप मेले अशा मुलांसाठी गुलबर्गा, बीदर, कंधार, एलिचपूर, दौलताबाद, चौल, दाभोळ इत्यादि ठिकाणी पाठशाळा काढल्या. त्यांत मुलांस शिक्षणाखेरीज राहणे व जेवणही सरकारातून मिळे. आंधळ्यांना नेमणुका बांधून दिल्या. ह्या धान्याचा व ह्या शाळांचा लाभ मुसलमान प्रजेपुरताच होता, असे त्या वृत्तांताचे वाचन पुष्कळ इतिहासकार करतात. ते खरे असेल तर भोवतालच्या गावांतला कुणबी त्या धान्याच्या गोणीकडे नुसता पाहत राहिला, असे म्हणावे लागेल. ही उणीव झाकण्याचे मला कारण नाही. परंतु बैल तोफा आणि तंबू ओढण्याऐवजी जोंधळा ओढू शकतो, ही कल्पना चौदाव्या शतकातील दरबारात कोणाला सुचावी आणि ती अमलात यावी, ह्यास मी लहान गोष्ट मानीत नाही. युद्ध चालू असते तर ते बैल रायचूरच्या वाटेवर असते, एवढे तर कोणीही कबूल करील.

वरील यादीतील तिसरे नाव वाचकांनी पाहिले असेलच. हे कंधार अफगाणिस्तानातले नव्हे. मन्याड नदीच्या काठचे, नांदेडपासून सुमारे पन्नास किलोमीटरांवरचे आमचे कंधार. राष्ट्रकूटांच्या वेळेपासून हे थोर नगर होते. तिसऱ्या कृष्णाच्या काळातील शिलालेख तेथे सापडला आहे आणि जगत्तुंगसमुद्र हा तलाव त्याच राजवंशाची आठवण सांगतो. अशा गावात अनाथांसाठी सरकारी पाठशाळा निघावी, ह्यावरून चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे स्थान बीदर, दौलताबाद ह्यांच्या रांगेत होते, असे अनुमान काढता येते.

आता मूळ प्रश्न. ही शांतता टिकली असती तर काय झाले असते? आणि ती टिकली का नाही?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुःखद आहे. एप्रिल १३९७ मध्ये सुलतान वारला. त्याचा मुलगा गियासुद्दीन जेमतेम दोन महिने गादीवर होता. तघलचीन नावाच्या तुर्की सरदाराने त्याला मेजवानीस बोलावून त्याचे डोळे काढले. वर्ष संपण्यापूर्वी फिरोजशहा सुलतान झाला आणि १३९८ मध्ये दुआबात पुन्हा लढाई जुंपली. मग १४०६, मग १४१७ पासून पानगलचा लांबलेला वेढा व त्यातील पराभव. हा फिरोज म्हणजे बहमनी वंशातील सर्वात बहुश्रुत पुरुष. त्याने दौलताबादेजवळ घाटावर वेधशाळा बांधावयास घेतली. ती मुख्य ज्योतिष्याच्या मृत्यूमुळे अपुरी राहिली, युद्धामुळे नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण त्याच्या आयुष्याचा हिशेब पाहू जाता, शास्त्राला उरला तो वेळ मोहिमांच्या मधला.

युद्ध परत आले, त्याबरोबर घोडे आले. दख्खनचे तट्टू काटक, डोंगरात चालावयास उत्तम. पण चिलखती स्वारास पाठीवर घेऊन मैदानात धावणारा उंच घोडा अरबस्तान व इराणहून चौल, दाभोळ, गोवा ह्या बंदरांत उतरे. बहमनी आणि विजयनगर ह्या दोघांनाही तो हवा, त्यामुळे दोघेही भाव चढवीत. पुढे १५१० मध्ये गोवा घेतलेल्या पोर्तुगीजांनी हा व्यापार आपल्या मुठीत धरला व त्या स्पर्धेवर गबर झाले. घोड्यांमागून स्वार आणि धनुर्धारी आले: इराणी, तुर्क, अरब. विजयनगरच्या दुसऱ्या देवरायानेही धनुर्विद्येसाठी मुसलमान शिपाई चाकरीस ठेवले. बहमनी राज्यात ह्या परदेशी मंडळींस आफाकी म्हणत, आणि आधीपासून येथे रुजलेल्या सरदारांस दख्खनी. मोहिमेत मोठेपण मिळते, म्हणून मोहिमेवर ज्याची गरज त्याचे दरबारात वजन. ह्या चढाओढीतून पंधराव्या शतकाच्या मध्यास चाकण येथे आफाकींची कत्तल घडली, आणि अखेर महमूद गवानाचा बळी पडला.

महमूद गवानाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण आमच्या प्रश्नाची किल्ली त्याच्याजवळ आहे. इराणातील गीलानचा हा व्यापारी १४५३ च्या सुमारास दख्खनेत आला व १४६६ मध्ये मुख्य वजीर झाला. चार तरफांच्या त्याने आठ केल्या. वऱ्हाडाचे गाविल व माहूर असे दोन भाग पडले ते ह्याच वेळी, म्हणजे आजच्या नांदेड जिल्ह्यातील माहूर एका तरफेचे मुख्य ठिकाण झाले. तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाच्या हुकमाखाली घेतले. जमिनीची मोजणी सुरू केली. आणि ज्याने नेमणुकीपेक्षा कमी फौज बाळगली त्याच्या तनख्यातून तितकी रक्कम कापावयाचे ठरविले. दुखणे नेमके कोठे आहे हे ह्या माणसाने ओळखले होते. पण औषध चालू असता एकीकडे कोकण, दुसरीकडे ओरिसा, तिसरीकडे कांचीची स्वारी! त्याच्या शत्रूंनी त्याच्या शिक्क्याचे बनावट पत्र करून ओरिसाच्या राजाशी संधान बांधल्याचा आळ घातला, आणि ५ एप्रिल १४८१ रोजी सुलतानाने त्यास ठार करविले. पुढच्या वर्षी सुलतान गेला. दहा वर्षांच्या आत विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड येथील तरफदार स्वतंत्र झाले.

रशियन प्रवासी निकितिन हा स्वतः एक घोडा विकावयास घेऊन १४७० च्या सुमारास ह्याच वाटेने बीदरला आला होता. सरदार चांदीच्या पालख्यांत मिरवीत आहेत आणि देशातील सामान्य माणूस फार दीन आहे, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही.

ह्या उलट फ्रान्स. तेथे युद्ध परमुलखात न होता घरच्याच अंगणात झाले, म्हणून प्रजा कर द्यावयास कबूल झाली. १३५६ मध्ये राजा शत्रूच्या हाती सापडला, तेव्हा पॅरिसच्या एतिएन मार्सेलने एस्टेट्स-जनरल ह्या सभेकडे सत्ता ओढण्याचा प्रयत्न केला, तो फसला. १४३९ नंतर राजा ताय नावाचा कर सभेला पुन्हा न विचारता दरसाल घेऊ लागला. १४४५ मध्ये सातव्या चार्ल्सने सरकारी पगारावरील कायम फौज उभी केली आणि सरदारांच्या फौजांची गरज संपविली. युद्ध झाले नसते तर फ्रेंच राजा इतका बलवान झाला नसता, आणि ती सभाही कदाचित इतकी निर्जीव झाली नसती. ह्याच युद्धाच्या खर्चासाठी इंग्लंडच्या राजाला वारंवार पार्लमेंटकडे हात पसरावा लागला व पार्लमेंट वाढले, हे ध्यानात घेता हा तर्क अगदी पोकळ नाही. तिकडे दीर्घ युद्धाने राजा वाढला. इकडे सुभेदार वाढले. एकच कारण आणि दोन उलट परिणाम, हे प्रथमदर्शनी कोडे वाटते.

परंतु १४४५ ह्या सालाकडे पुन्हा पाहावे. त्या वेळी लढाई चालू नव्हती. १४४४ मध्ये तूर येथे तह झाला होता आणि १४४९ पर्यंत शस्त्रे खाली होती. चार्ल्सने फौजेची घडी बसविली ती ह्या मधल्या पाच वर्षांत. युद्धाने त्याला पैसा दिला आणि निकड दाखविली. राज्याची रचना बदलण्यास उसंत दिली ती तहाने. गवानास ही उसंत मिळाली नाही. आणि ज्यास ती मिळाली, पाच वर्षे नव्हे तर एकोणीस वर्षे, त्या दुसऱ्या मुहम्मदशहाने तरफांना हात लावला नाही.

माझ्या मते आपल्या इतिहासातील खरी चुटपूट येथे आहे. १३८० च्या सुमारास परिस्थिती अनुकूल होती. दिल्लीत फिरोज तघलख म्हातारा झाला होता. १३८८ मध्ये तो वारला व १३९८ मध्ये तैमूरने दिल्ली लुटली, तेव्हा उत्तरेची धास्ती उरली नव्हती. गुजरात व माळवा अजून स्वतंत्र राज्ये झाली नव्हती. आफाकी व दख्खनी हा तंटा अद्याप विकोपास गेला नव्हता. गवानाने जे नव्वद वर्षांनी करून पाहिले, ते त्या वेळी कमी विरोधाने झाले असते. तसे होते तर गुलबर्ग्याचे एक बळकट राज्य गोदावरीपासून कृष्णेपर्यंत टिकले असते, पाच शाह्या झाल्या नसत्या, गावोगावचे देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ह्यांच्या हातचा मराठी कारभार दरबारापर्यंत लवकर पोचला असता. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने वसुलाचे दप्तर देशभाषेत ठेवावयास लावले, ते सोळाव्या शतकात.

ह्यावर एक आक्षेप येईल, तो मीच घेतो. दोन सुलतानांच्या खुनानंतर गादीवर आलेला, जनानखान्याच्या व सरदारांच्या मर्जीने बसलेला राजा तरफदारांच्या मुठीतून किल्ले काढून घेऊ शकला असता काय? कदाचित त्याने युद्ध टाळले ते स्वभावाने नव्हे, तर हाती काही नव्हते म्हणून. आक्षेप वजनदार आहे. तथापि दुष्काळात सरकारी बैल शेकडो कोस पलीकडे सतत जात-येत राहिले आणि एलिचपुरापासून दाभोळपर्यंत शाळांचा खर्च चालला, म्हणजे हुकूम चालत होता. ज्याचा हुकूम धान्यापुरता चालतो त्याचा किल्ल्यापुरता चालेलच असे नाही, हेही खरे. मी झुकतो तो त्याने प्रयत्न करावयास हवा होता ह्या बाजूस. वाचकांनी आपला कौल द्यावा.

त्याने प्रयत्न केला नाही, त्याचे फळ आमच्या मुलखाने भोगले. बहमनी राज्य मोडल्यावर कंधार, उदगीर, औसा ही ठाणी सरहद्दीवरची झाली. सोळाव्या शतकाच्या मध्यास बुऱ्हाण निजामशहाने ती बरीदशहापासून हिसकावली. १६३१ मध्ये कंधार मोगलांनी घेतले, १६३६ मध्ये उदगीर व औसा. १७६० मध्ये उदगिरास पेशवे व निजाम ह्यांची गाठ पडली. ज्या गावाचे नाव एकदा पाठशाळांच्या यादीत आले, ते नंतर प्रत्येक बखरीत वेढ्याच्या प्रकरणात येते.

मागल्या हिवाळ्यात त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आणि त्याच्या सोबत्यांना घेऊन मी कंधारास गेलो होतो. भुईकोट किल्ल्याच्या खंदकात पाणी होते. मुलांनी तटाची रुंदी पावलांनी मोजली, दरवाज्यावरची फारसी अक्षरे उतरून घेण्याचा प्रयत्न केला. शाळा कोठे असावी ह्याविषयी दोघांत वाद लागला. एक म्हणे हाजी सय्याहांच्या दर्ग्याजवळ, दुसरा म्हणे पेठेत, कारण मुलांना जेवावयास घालावयाचे तर बाजार जवळ हवा. वाद उपाहारगृहातही चालूच होता. शेवटची एस. टी. सुटावयास आली, तेव्हा मीच उठलो.